पोटरीचं ग्रीक नाव: तोंडी परीक्षेत अडलेल्या एका शब्दाचा प्रकरण अभ्यास

ही विद्यार्थिनी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग विज्ञान शाखा आणि फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष. मी तिच्या वर्गाला शरीररचनाशास्त्र शिकवते. अंतर्गत तोंडी परीक्षेत तिला प्रश्न आला: चवड्यांवर उभं राहताना पायाचा कोणता स्नायू काम करतो?

तिने आधी अंगानेच उत्तर दिलं. टाचा उचलल्या, हात मागे नेला आणि पोटरीवर ठेवला. स्नायूची दोन शीर्षं मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, मागच्या बाजूने सुरू होतात, शेवट अकिलीस कंडरेतून (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) टाचेच्या हाडावर होतो, मज्जातंतू टिबिअल, हे सगळं तिने सांगितलं. गुडघा वाकवला की हा स्नायू सैल पडतो आणि टाच उचलण्याचं काम मुख्यतः त्याच्याखालच्या सोलिअस या स्नायूकडे जातं, हे तर तिने न विचारता सांगितलं. पहिल्या वर्षाला एवढं नीट उत्तर फार थोडी मुलं देतात. मग परीक्षक म्हणाले, "नाव सांग."

"काफ मसल, सर."

"शास्त्रीय नाव."

"गॅस्ट्रो..." इथे ती थांबली. पुन्हा सुरुवात केली आणि "गॅस्ट्रोसिनेमिअस" म्हणाली. दुरुस्त करायला सांगितल्यावर "गॅस्ट्रोकनेमिअस" म्हणाली. खरं नाव गॅस्ट्रोक्नेमिअस, यात क आणि न जोडलेले. समोरून कोणीतरी हसलं. गुण गेले ते थोडेच, पण त्यानंतर ती वर्गात तोंड उघडेना. विचारलं की वहीत लिहून दाखवायची. लिहिलेलं नेहमी बरोबर असायचं.

परीक्षेनंतर सगळ्यांचं मत झटपट तयार झालं होतं: खेड्यातल्या मुलांची जीभ वळत नाही. खानदेशात शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. अहिराणी बोलणारं मूल डोळ्याला 'डोया' म्हणतं, जळगावला 'जयगाव' म्हणतं, म्हणून त्याला अवघड शब्द जमणार नाहीत, असा हिशेब असतो. हा हिशेब मला मान्य नाही. ळ च्या जागी य येणं हा अहिराणीचा पक्का नियम आहे, आणि नियमाने बोलणारी जीभ सैल नसते. शिवाय ज्या शब्दावर ती अडली त्यात ळ नाहीच.

माझ्या हाताशी दुसरा पुरावा होता. त्याच वर्गात इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं होती. त्यांच्याकडून हाच शब्द म्हणवून घेतला. त्यांतले बरेचजण अजिबात न अडखळता "गॅस्ट्रोनेमिअस" म्हणाले. मधला क गायब. उच्चार चुकीचाच, पण सफाईने केलेला, त्यामुळे कोणी हसलं नव्हतं. या मुलांना शाळेपासून सवय असते की नाईफ आणि नी या शब्दांत के लिहितात पण बोलत नाहीत. त्या सवयीने त्यांनी इथलाही क गिळला. म्हणजे एकाच जागी दोन प्रकारची मुलं पडत होती, एक क नंतर स्वर घालून आणि दुसरी क टाकून. तेव्हा शोध घ्यायचा तो त्या जागेचा.

(नी म्हणजे गुडघा, आणि हा शब्द पायाचाच, म्हणून दोन्ही एकाच मुळातले असं मुलांना वाटतं. तसं नाही. इंग्रजी नी हा शब्द लॅटिन जेनू, ग्रीक गोनू आणि आपल्या संस्कृत जानु यांच्या कुळातला. आपल्या शब्दातला 'क्नेमे' वेगळ्या घरचा आहे.)

वहीत काय सापडलं

तिची वही मागून घेतली. प्रत्येक लांब शब्दाखाली तिने देवनागरीत उच्चार लिहिला होता आणि मुळांप्रमाणे तोडला होता. ही तोड बाजारात मिळणाऱ्या एका गाईडमधून उतरवलेली होती. तिथे लिहिलं होतं: गॅस्ट्रो-क्नेमिअस.

मुळांच्या दृष्टीने ही तोड अचूक आहे. ग्रीक 'गास्टेर' म्हणजे पोट, 'क्नेमे' म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय, मधला ओ हा जोडस्वर, आणि शेवटचं 'इअस' हे लॅटिनचं शेपूट. अर्थ समजण्यासाठी याहून चांगली तोड नाही. बोलण्यासाठी मात्र ती घातक आहे. हायफनपाशी श्वास सोडला की पुढचा तुकडा 'क्ने' ने सुरू करावा लागतो. मराठीत शब्दाच्या आरंभी क्र चालतो, क्ल चालतो, स्न चालतो. क्न ने सुरू होणारा शब्द आठवून पाहा, सापडत नाही. तोंडाला जे जोडाक्षर आरंभी माहीत नाही त्यात ते स्वर घालतं, जसं गावाकडे प्रकाशचा 'परकास' होतो. इंग्रजीलाही आरंभीचा क्न चालत नाही. ती भाषा स्वर घालत नाही, व्यंजनच टाकते. मराठीतून आलेल्या मुलीने 'कने' केलं, इंग्रजीतून आलेल्या मुलांनी 'ने' केलं. दोघांनी आपापल्या भाषेचा नियम पाळला होता. चूक हायफनच्या जागेत होती.

'सिने' कुठून आलं तेही वहीतच दिसलं. स्पेलिंगमध्ये सी, एन, ई, एम, आय अशी अक्षरं ओळीने येतात. ती पाहताना तिला सिनेमा दिसला आणि तिने नकळत एक आय मध्ये घातला. सी चा उच्चार स करायला तेवढं पुरलं. सिनेमा हा शब्दही ग्रीकच निघतो, 'किनेमा' म्हणजे हालचाल. 1895 साली पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी ज्या यंत्राने चित्रपट दाखवले त्याच्या नावातून तो आपल्यापर्यंत आला, आणि येताना क चा स झाला. त्याच मुळातला क जसाच्या तसा टिकून राहिलेला शब्द तिच्या अभ्यासक्रमातच आहे: काइनेसिऑलॉजी, शरीराच्या हालचालींचं शास्त्र. हे सांगितल्यावर तिने वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहून घेतले. परीक्षेनंतर तिने स्वतःहून काही लिहून घेतल्याचं मला पहिल्यांदा दिसलं.

आणखी एक गोष्ट होती. गॅस्ट्रो म्हणजे पोट हे तिला ठाऊक होतं. गॅस्ट्रायटिस, गॅस्ट्रिक, गॅस्ट्रोची साथ, हे शब्द खेड्यातही रोजचे आहेत. त्यामुळे पायाच्या स्नायूच्या नावात पोट कशाला, हे तिला कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून तिने तो शब्द निव्वळ आवाज म्हणून पाठ केला होता. निरर्थक आवाज ताणाखाली आधी विसरतो.

पोटरी

तिला मी एवढंच विचारलं: "याला घरी काय म्हणता?"

"पोटरी."

"पोटरीत काय आहे?"

ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "पोट."

पायाच्या मागे जो फुगीर भाग आहे त्याला ग्रीकांनी पायाचं पोट म्हटलं: गास्ट्रोक्नेमिया. मराठीनेही तोच फुगवटा पाहिला आणि पोटावरूनच नाव ठेवलं. हिंदीने पिंड पाहिला आणि पिंडली म्हटलं. ग्रीक आणि मराठी या बाबतीत एकमेकींकडून काही शिकल्या असतील असं मानायचं कारण नाही. डोळ्यांसमोर तीच वस्तू होती आणि दोघींना तेच दिसलं.

मग ती स्वतःहून शेतावर आली. तिच्या घरी दादर पेरतात, खानदेशातली रब्बी ज्वारी. पीक पोटरीत आलं असं म्हणतात तेव्हा कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, वरच्या पानाच्या वेष्टनात ते भरत असतं आणि ताटाचा तो भाग फुगलेला दिसतो. पेरणीनंतर साधारण 50 ते 55 दिवसांनी ही अवस्था येते आणि पाण्याची सोय असेल तर या वेळी पाणी चुकवत नाहीत. हा शब्द तिने लहानपणापासून ऐकला होता. आता शेतातली पोटरी, पायाची पोटरी आणि ग्रीक गास्टेर तिच्या मनात एका ओळीत बसले. त्यानंतर तिने विचारलेला प्रश्न मला फार आवडला: मानेत डायगॅस्ट्रिक नावाचा स्नायू आहे, तिथे कुठलं पोट? उत्तर तिचं तिनेच काढलं. 'डाय' म्हणजे दोन. त्या स्नायूला मध्ये कंडरा आणि दोन बाजूंना दोन फुगीर भाग आहेत. दोन पोटांचा स्नायू.

स्नायूंची नावं ठेवताना माणसांनी असंच पाहिलं आहे. इंग्रजी मसल हा शब्द लॅटिन 'मुस्कुलुस' वरून आला, म्हणजे छोटा उंदीर. आपण दंड फुगवून बेटकुळी दाखवतो, त्या बेटकुळीत छोटा बेडूक आहे. कातडीखाली काहीतरी जिवंत हलतंय हे दोघांनाही जाणवलं.

इथे एक सावधगिरी. क्नेमे साठी संस्कृतात जंघा हा शब्द आहे, आणि संस्कृतातली जंघा गुडघ्याखालचीच. पण आपण जांघ म्हणतो ती वर, मांडीच्या मुळाशी. आयुर्वेदाची पुस्तकं वाचून आलेल्या मुलांचा यात गोंधळ उडतो. इंग्रजी लेग हाही शरीररचनाशास्त्रात फक्त गुडघा ते घोटा एवढाच, आपला पाय मात्र कमरेपासून बोटांपर्यंत अख्खा. रुग्ण "पाय दुखतो" म्हणाला तर बोट ठेवून दाखवायला सांगावं.

अक्षरं कुठे तोडायची

अर्थ लागला तरी जीभ सुटली नव्हती. त्यासाठी तिच्या दहावीच्या व्याकरणाकडे गेलो. वृत्तं चालवताना लघु-गुरू लावायला तिला येत होतं, आणि चांगलं येत होतं. भक्ती या शब्दात भ गुरू का? पुढे जोडाक्षर आहे आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर येतो म्हणून. लिहिताना आपण भ आणि क्ती अशी दोन अक्षरं काढतो, पण म्हणताना भक्-ती म्हणतो. अग्नी म्हणजे अग्-नी. पत्नी म्हणजे पत्-नी. रुक्मिणी म्हणजे रुक्-मि-णी. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन लिपीत पुढच्या अक्षराला चिकटतं आणि बोलण्यात मागच्या अक्षराला. देवनागरीत लिहिलेला उच्चार वाचताना नेमकी इथेच फसगत होते, कारण डोळा क्ने पाहतो आणि तोंड क्ने म्हणायला जातं.

तिला म्हटलं, "हा शब्द वृत्तात आला असता तर कसा तोडला असतास?"

तिने बाकावर बोटाने ठोके देत म्हटलं: गॅस्-ट्रोक्-ने-मि-अस. क मागे गेला आणि अडचण संपली. क्न आरंभी म्हणता येत नाही, पण अग्नीतला ग्न आणि पत्नीतला त्न आपण रोज म्हणतो, तसाच हा क्न. इंग्रजी शब्दकोशातली तोडही हीच आहे. तिथे ट्रो चा ट्रॉक् होतो आणि ने चा नी, म्हणजे गॅस्-ट्रॉक्-नी-मि-अस. पाच अक्षरं, जोर नी वर.

हा नियम एका शब्दापुरता नाही हे तिला दाखवणं मला गरजेचं वाटलं, नाहीतर पुढच्या शब्दाला पुन्हा तेच. न्यूमोनियाच्या स्पेलिंगमध्ये आरंभी पी आहे, तो बोलत नाहीत. झोपेत श्वास थांबतो त्या अ‍ॅप्नियामध्ये तोच पी स्पष्ट बोलतात. दोन्ही शब्द श्वासाच्या एकाच ग्रीक कुळातले. फरक एवढाच की अ‍ॅप्नियात आधी अ आहे, त्यामुळे प ला मागे टेकायला जागा मिळाली: अ‍ॅप्-नि-या. पाठांतराच्या युक्तीला निमॉनिक म्हणतात, त्यातला आरंभीचा एम मुका. स्मृती जाते त्या अ‍ॅम्नेशियात तोच एम बोलका. जबड्याच्या टेरिगॉइड स्नायूत आरंभीचा पी मुका, अर्थ पंखासारखा. तोच पंख हेलिकॉप्टरमध्ये आहे आणि तिथे प ऐकू येतो, कारण तो कॉप् मध्ये मागे गेला. हेलिकॉप्टरची मुळं हेलिको आणि प्टर अशी तुटतात, हे ऐकून अख्खा वर्ग चकित झाला. अर्थाची शिवण एकीकडे, उच्चाराची दुसरीकडे. अवघड वाटणाऱ्या शब्दांत बहुतेकदा या दोन शिवणी एका जागी येत नाहीत, आणि मुलाला कोणती कशासाठी वापरायची हे सांगितलेलं नसतं.

जोर

मराठीत एखाद्या अक्षरावर इंग्रजीसारखा ठळक जोर नसतो. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, आणि भराभर म्हणताना ऐकणाऱ्याला शब्द हरवल्यासारखा वाटतो. इथेही लघु-गुरू उपयोगी पडलं. लॅटिनचा नियम सरळ आहे. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, ते लघु असेल तर शेवटून तिसऱ्यावर. गॅस्ट्रोक्नेमिअसमध्ये शेवटून दुसरं मि, लघु. म्हणून जोर नी वर. पायाच्या इतर हाडांच्या आणि स्नायूंच्या नावांनाही हाच नियम. सोलिअसमध्ये लि लघु, जोर सो वर. कॅल्केनिअसमध्ये नि लघु, जोर के वर. फिब्युलात ब्यु लघु, जोर फि वर. पटेलाच्या स्पेलिंगमध्ये एल दोनदा आहे, म्हणजे टेल्-ला, जोडाक्षरामागचं गुरू, म्हणून जोर टे वर. टिबिएलिस आणि प्लँटेरिस यांच्यात शेवटून दुसरा ए दीर्घ, जोर त्याच्यावर.

नियमाला मर्यादा आहेत. लॅटिन स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे स्पेलिंगवरून नेहमी कळत नाही. मांडीच्या रेक्टस फेमोरिस या स्नायूचं नाव म्हणताना आपल्याकडे मो वर रेटा देतात, पण तिथला ओ ऱ्हस्व आहे आणि जोर फे वर पडायला हवा. गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअसचे तर शब्दकोशातच दोन उच्चार आहेत, एकात जोर लि वर, दुसऱ्यात टि वर. अशा ठिकाणी मी मुलांना कोणताही एक धरून ठेवायला सांगते. लंडनची ढब आणायची मला अजिबात हौस नाही. समोरच्या डॉक्टरला कोणता स्नायू ते एका ऐकण्यात कळलं पाहिजे, एवढी अपेक्षा आहे. 1895 मध्ये बाझलला शरीररचनाशास्त्रज्ञांनी नावांची एकच लॅटिन यादी मान्य केली ती याचसाठी, कारण तोपर्यंत एकाच अवयवाला देशोदेशी वेगवेगळी नावं होती.

पुढे काय झालं

सत्राच्या परीक्षेत तिला हा स्नायू आलाच नाही. तिला मान आली. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. हा शब्द दिसायला जास्त भीतीदायक, पण तोंडाला सोपा, कारण यात मुळं आणि अक्षरं जवळजवळ एकाच जागी तुटतात. स्टर्नो म्हणजे छातीचं हाड, क्लायडो म्हणजे किल्ली आणि तिच्यावरून गळ्याजवळचं आडवं हाड, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. पहिली दोन सुरुवातीची ठिकाणं, तिसरं शेवटचं. नावातच स्नायूचा रस्ता लिहिलेला आहे. तिने सहा अक्षरं सावकाश म्हटली, स्टर्-नो-क्लाय-डो-मॅस्-टॉइड, आणि डावा स्नायू आखडला की चेहरा उजवीकडे वळतो हे मान वळवून दाखवलं. गुण चांगले मिळाले.

सगळं सुटलं असं नाही. घाईत बोलताना तिचा क् अजूनही कधी कधी 'क' असा स्वरासकट बाहेर पडतो. ज्या मुलांनी शाळेत वृत्तं शिकलेली नाहीत त्यांना लघु-गुरूच्या वाटेने नेता येत नाही. त्यांच्यासाठी मी अ‍ॅप्निया आणि हेलिकॉप्टरपासून सुरुवात करते. ती वाट लांबची आहे, पण पोचवते.

फळ्यावर आता मी प्रत्येक नवा शब्द दोन ओळींत लिहिते. वरच्या ओळीत मुळं आणि त्यांचा अर्थ, खालच्या ओळीत अक्षरं, जोराच्या अक्षराखाली रेघ. दोन्ही ओळींत तोड वेगळ्या जागी पडली की तिथे खडूने गोल काढते. घरचा शब्द असेल तर तो शेजारी. ही सूचना त्याच विद्यार्थिनीची. टाचेपासून कमरेपर्यंतचे बोलीतले शब्द गोळा करायचं काम तिने आणि तिच्या मैत्रिणींनी अंगावर घेतलं आहे. अमळनेरकडच्या मुली अहिराणीतले आणतात, यावल-रावेरकडच्या लेवा बोलीतले, शहाद्याकडची मुलगी गुजरीतले. रुग्ण तपासायला जातील तेव्हा याच शब्दांत त्यांना दुखणं ऐकावं लागणार आहे.